ठाण्याचा ग्रंथसंग्रह आणि म्हशाची वाट

मुरबाड तालुक्याच्या वेशीवरील सर्वांत प्राचीन लेख वाचावयाचा झाला तर वर्गणी भरावी लागत नाही, अनामत ठेवावी लागत नाही, आणि मुदत टळली म्हणून दंडही होत नाही. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून जाण्याइतके पायांत बळ असावे आणि ब्राह्मी लिपीशी थोडीबहुत ओळख असावी, एवढ्या दोनच अटी. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेला तो शिलालेख म्हणजे यज्ञांची, आणि त्या त्या यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांची यादी होय. त्यातील अंकचिन्हांमुळे गणिताच्या इतिहासकारांनाही त्या लेखाकडे वळावे लागते. कल्याण बंदरातून निघून नाणेघाटाने जुन्नरकडे चढणाऱ्या ज्या व्यापारी मार्गावर हा लेख कोरला गेला, त्याच मार्गाच्या कल्याणकडील टोकाला सुमारे दोन हजार वर्षांनी एक वाचनालय निघाले, त्याच्याही पलीकडे ठाण्यास एक ग्रंथसंग्रहालय निघाले, आणि मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक एका छपराखाली आणण्याची आकांक्षा त्या संग्रहालयाने धरली, हे या परिसरातील लोकांनाही फारसे ठाऊक नसते.

म्हसा हे याच मुरबाड तालुक्यातील गाव. पौष पौर्णिमेस येथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार होतो, घोंगड्यांचे ढीग लागतात, आणि त्या दिवसांत चहूकडच्या मुलखाचे पाय म्हशाकडे वळतात. वर्षातील उरलेले दिवस मात्र उलट दिशेचे असतात: दाखला हवा तर मुरबाडच्या कचेरीत, मोठे दुखणे निघाले तर कल्याणास किंवा उल्हासनगरास, आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकांपलीकडचा एखादा ग्रंथ हवा झाला तर पुन्हा कल्याणास किंवा ठाण्यासच. त्या दोन नगरांत ग्रंथांचा एवढा साठा कसा जमला, त्यात आहे तरी काय, आणि तो शंभर-सव्वाशे वर्षांत म्हशापर्यंत का पोहोचला नाही, हा या लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचा आरंभ सरकारी हुकमाने झाला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नाशिकास १८४० मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये आणि कोल्हापुरास १८५० मध्ये जी वाचनालये निघाली, ती बहुधा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ओळखली जात. एखादा उत्साही गोरा अंमलदार, दोन-चार सरदार-इनामदार, आणि नव्या विद्येचा वारा लागलेले काही कारकून व शिक्षक यांच्या वर्गणीवर ती चालत. ग्रंथ बहुतांशी इंग्रजी, वाचक मोजके, आणि खरी गर्दी असे ती वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती. पुण्याच्या संस्थेच्या पाठीशी लोकहितवादी गोपाळराव देशमुख उभे होते, यावरून या उद्योगात कोणत्या वर्गाचे मन होते ते कळते. शेतकरी, कारागीर आणि स्त्रिया यांना त्या काळी या दारातून मज्जाव नसेलही, पण त्यांची वाट कोणी पाहत होते असे म्हणता येत नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले. सदाशिव मोरेश्वर साठे यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. या सालाकडे केवळ सनावळी म्हणून पाहू नये. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून कसाऱ्यावरून जाणारा थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये. म्हणजे कल्याण हे दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान या दोन्हींकडे जाणाऱ्या गाड्यांचे फाटे फुटण्याचे स्थानक होत होते, नेमक्या त्याच दोन वर्षांच्या मध्ये ते वाचनालय निघाले. मुंबईचे पत्र त्याच दिवशी हाती पडू लागले, बाहेरगावचे नोकरदार वस्तीस आले, आणि बातमी ही रोजच्या गरजेची वस्तू झाली. वाचनालयास याहून चांगला मुहूर्त कोणता मिळणार? मुरबाडला मात्र आगगाडी गेली नाही, आणि कल्याणचे वर्तमानपत्र घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्यातील बातमी शिळी होई.

ठाण्यास १ जून १८९३ रोजी जे घडले ते मात्र जातीनेच निराळे होते. त्या दिवशी स्थापन झालेले ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ हे केवळ मराठी ग्रंथांसाठी निघालेले पहिले ग्रंथालय मानले जाते, आणि त्याच्या संस्थापकांत प्रमुख होते विनायक लक्ष्मण भावे, ज्यांचे वय त्या वेळी पुरते बावीसही नव्हते. वाचनालय आणि संग्रहालय यांत जो भेद आहे तो या तरुणांस स्पष्ट दिसला होता. वाचनालय वाचकांची आवड पाहून पुस्तके घेते आणि ती फाटली की टाकून देते. संग्रहालय मात्र आज ज्याला कोणी विचारीत नाही असे पुस्तकही, पन्नास वर्षांनी कोणी विचारील म्हणून, जपून ठेवते. मग त्यात पंचांगे आली, संगीत नाटकांच्या पद्यावल्या आल्या, पाकशास्त्रे आली, जातीजातींच्या परिषदांचे अहवाल आले, शाळाखात्याची रद्द झालेली क्रमिक पुस्तके आली. गंभीर विद्वानास हा कचरा वाटावा. परंतु मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी काय जेवत होता, कशावर भांडत होता आणि कोणत्या गाण्यांना दाद देत होता हे ज्याला शोधावयाचे असेल, त्याला गीताभाष्यांपेक्षा हा कचराच अधिक कामास येतो, असे माझे मत आहे.

या कल्पनेची निकड समजण्यासाठी आदल्या वर्षाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्यान्वये या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत, आणि त्यांतील निवडक प्रती विलायतेस जात. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती मुद्रित ग्रंथांची ब्लूमहार्ट याने केलेली पद्धतशीर सूची १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मराठी पुस्तकांची यादी थेम्सच्या काठी छापून तयार होते, आणि ज्या भाषेत ती पुस्तके लिहिली गेली त्या भाषेच्या मुलखात ती सगळी एकत्र पाहावयास मिळतील असे एकही ठिकाण नाही, अशी ही स्थिती होती. ठाण्याच्या मंडळींनी उत्तर दिले ते अर्ज-विनंत्यांनी नव्हे. घरोघरच्या फडताळांतून, पोटमाळ्यांवरून आणि रद्दीवाल्यांच्या गठ्ठ्यांतून पुस्तके वेचून आणून त्यांनी ते दिले.

भावे यांची पुढील कीर्ती ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून आहे. हा मराठी वाङ्मयाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाला, आणि १९१९ मध्ये त्याची नवी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ती निघाली. मधल्या काळात महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्यांचा उलगडा झाला होता, शतकानुशतके मठांत बंदिस्त असलेले वाङ्मय उजेडात येऊ लागले होते, आणि या शोधात इतिहाससंशोधक राजवाडे यांच्याप्रमाणे भावे यांचाही हात होता. जुन्या कवींची काव्ये छापण्यासाठी त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ नावाचे मासिकही चालविले. संग्रह आणि इतिहासलेखन ही दोन कामे एकाच माणसाच्या हातून व्हावीत यात नवल नाही. ज्याने पोथ्या गोळा करताना त्यांवरची धूळ स्वतः झटकली आहे, त्यालाच कोणता कवी कोणाच्या आधी हे विचारण्याची उत्कंठा होते. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाला विस्तृत पुरवणी जोडली, आणि आजही मराठीचा अभ्यासक भावे यांच्याशी भांडण्यासाठी का होईना, त्यांच्यापाशी येतोच.

ठाण्याचा कित्ता पुढे इतरांनी गिरविला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झाले, पुणे मराठी ग्रंथालय १९११ मध्ये. मुंबईच्या संस्थेने नगराच्या निरनिराळ्या भागांत शाखा काढल्या, आणि गिरणगावातील कामगारापासून उपनगरातील गृहिणीपर्यंत अनेकांना पायी जाण्याच्या अंतरावर पुस्तक मिळू लागले. नगर-ग्रंथालयव्यवस्था असे जिला म्हणता येईल ती मराठीत प्रथम उभी राहिली ती अशी, म्हणजे नगरपालिकेच्या तिजोरीतून नव्हे, सभासदांच्या वर्गणीतून. या संग्रहांच्या भरवशावरच पुण्याच्या शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. १९४३ मध्ये निघालेली ती सूची एका व्यक्तीने अंगावर घेतलेले काम आहे, हे तिचा आकार पाहून कोणास खरे वाटणार नाही.

या संग्रहांत सर्वांत मोलाचा भाग दोलामुद्रितांचा. मुद्रणकला पाळण्यात असतानाची ही पुस्तके. मराठीपुरती त्यांची मर्यादा सामान्यतः १८६७ पर्यंत धरतात. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालातील श्रीरामपुरास छापले गेले, आणि त्याच सुमारास दक्षिणेत तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत उतरल्या. म्हणजे मराठी मुद्रणाचा श्रीगणेशा महाराष्ट्राबाहेर दोन टोकांना झाला, आणि मुंबई-पुणे मागाहून जागी झाली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याच्या लोकांस ते चालेना. त्यांनी चरबीऐवजी तुपाची शाई वापरली अशी हकीकत आहे. दोलामुद्रित हाती घेतले की प्रथम जाणवतो तो कागदाचा जाडपणा. शिळाछापावरील अक्षर हे खुद्द लेखनिकाच्या हातचे, त्यामुळे ओळीच्या शेवटी जागा उरली नाही तर शब्द आक्रसून बसविलेला दिसतो, आणि पोथीच्या सवयीने कित्येक पाने आडवीच राखलेली असतात. आतल्या पानावर संग्रहालयाचा शिक्का आणि दाखल अंक. असाच शिक्का आत आणखी एका ठरलेल्या पानावर मारलेला असतो. ते पान प्रत्येक ग्रंथालयाचे गुपित, म्हणजे कोणी पहिले पान फाडून पुस्तक लांबविले तरी मालकी शाबीत करता यावी.

कागदाची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. चिंध्यांपासून केलेला हातकागद दीडशे-दोनशे वर्षे टिकतो, आणि पेशवाईच्या दप्तरांत नावाजलेला जुन्नरी कागद नाणेघाटाच्या माथ्यावरल्या मुलखातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, ग्रंथ स्वस्त झाले, वाचक वाढले. पण त्या कागदात असलेल्या आम्लामुळे तो आतून जळत जातो, पिवळा पडतो, आणि बोट लावताच कपचे निघतात. म्हणून १८५० चे एखादे पुस्तक निर्धास्तपणे उलगडता येते आणि १९२० च्या वर्तमानपत्रांची बांधलेली चळत उघडताना ग्रंथपालाचा जीव वर-खाली होतो. त्यात ठाणे हे खाडीकाठचे नगर. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओलावलेल्या, कसर व वाळवी यांचा सुकाळ, आणि उपाय म्हणाल तर डांबराच्या गोळ्या, सुके कडुनिंब आणि नोकराची नजर. ‘विविधज्ञानविस्तारा’सारख्या मासिकाचे सत्तर वर्षांचे अंक सलग टिकून आहेत असे कोठे आढळले, तर त्यामागे कित्येक अनामिक शिपायांचे फडके आहे असे समजावे.

आता राज्यव्यवस्थेकडे वळू. गावोगावी ग्रंथ नेण्याचा पहिला पक्का प्रयत्न हिंदुस्थानात केला तो एका मराठी राजाने, पण मराठी मुलखात नव्हे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून आपल्या संस्थानात मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत एक साखळी उभी केली. खर्चाचा वाटा गावाने, प्रांत पंचायतीने आणि सरकारने मिळून उचलावा असा दंडक होता, आणि जेथे वाचनालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत. मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने १९४० मध्ये मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका, पेटा आणि ग्राम अशा पायऱ्या आखून दिल्या. आराखडा उत्तम होता. तोवर महायुद्ध सुरू झाले होते, आणि स्वातंत्र्यानंतर वरच्या पायऱ्या थोड्याफार बांधल्या गेल्या, खालच्या बहुतांशी कागदावरच राहिल्या.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. मद्रासने १९४८ मध्ये असा कायदा केला तेव्हा स्थानिक करावर अधिभार बसवून ग्रंथालयांसाठी पैसा उभा केला. महाराष्ट्राने तो मार्ग धरला नाही. येथे लोकांनी चालविलेल्या संस्थांना मान्यता द्यावयाची, त्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करावयाची, आणि त्या त्या वर्गाच्या कमाल मर्यादेत अनुदान मंजूर करावयाचे, अशी पद्धत ठरली. या धोरणाचा मोठा गुण असा, की ठाणे-कल्याणसारख्या जुन्या संस्थांची स्वायत्तता शाबूत राहिली. दोषही त्यातच आहे. ज्या गावी संस्था काढणारे, घटना लिहिणारे, जमाखर्च मांडणारे आणि अनुदानाचा हप्ता येईपर्यंत पदरमोड करणारे लोक आहेत, त्यांनाच हे अनुदान मिळते. म्हणजे जेथे वाचनाची परंपरा आधीपासून आहे तेथेच ती पोसली जाते. दुसऱ्या बाजूने, केवळ अनुदानासाठी फलक लावणारेही निघाले. मे २०१२ मध्ये महसूल खात्याकरवी राज्यातील बारा हजारांहून अधिक ग्रंथालयांची पडताळणी करविली गेली, ती याच संशयाने. त्यानंतर नव्या मान्यतांचा दरवाजा दीर्घकाळ बंद राहिला, आणि बोगसांच्या पापाची शिक्षा ज्या गावांत ग्रंथालय अजून जन्मलेच नव्हते त्यांना झाली.

तर म्हशातल्या एखाद्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. सिद्धगड त्याच्याच तालुक्यात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी तेथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले, ही गोष्ट तो शाळेत ऐकतो. तिच्याबद्दल, आणि ती जेथे घडली त्या मुलखाबद्दल, अधिक वाचावेसे वाटले तर? १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या भागातले घाट, बाजार आणि जत्रा यांची वर्णने आहेत. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणचा इतिहास आहे. ही सगळी त्याच्याच मुलखाची कागदपत्रे असून ती पाहावयास त्याला दिवसभराची मजुरी व गाडीभाडे मोजून नगर गाठावे लागते, आणि सभासद होण्यासाठी नगरातला पत्ता द्यावा लागला तर तोही त्याच्यापाशी नसतो. शहापूर तालुक्यातील तानसेचे पाणी मुंबईस जाऊ लागले १८९२ मध्ये, म्हणजे ठाण्याचे संग्रहालय निघाले त्याच्या आदल्या वर्षी. पुढे वैतरणा आली, भातसा आली, आणि मुरबाडकडचे बारवीचे पाणी कारखान्यांना व कल्याणकडच्या वस्त्यांना गेले. त्या पाण्यासाठी धरणे झाली, नळ टाकले गेले, आणि गावे उठविली गेली. उलट दिशेने ग्रंथांची एक गाडी सोडावी असा ठराव कोणत्याही नगरपालिकेने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

गेल्या काही वर्षांत एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. जुन्या दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीय प्रती होऊ लागल्या. मुंबईच्या संग्रहातील दोलामुद्रितांच्या बाबतीत राज्य मराठी विकास संस्थेने हे काम हाती घेतले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरील हक्क संपतो, त्यामुळे अशा प्रती सर्वांस मोफत पाहता येतात. परिणामी म्हशातील मुलाला हातातल्या मोबाइलवर १८४० मधील एखादे नीतिपर पुस्तक विनासायास वाचता येईल. परंतु मागील वर्षी गाजलेली कादंबरी, किंवा स्पर्धा-परीक्षेचे नवे पुस्तक, किंवा दिवाळी अंक, ज्यांची देवघेव नगरातील वाचनालये ठराविक रकमेत महिनोन्‌महिने करीत असतात, ते त्याला दुर्लभच. मूळ कागद जपण्याचे आणि त्याची प्रत काढून ठेवण्याचे काम ठाण्या-मुंबईने चोख केले. गावातल्या वाचकाला पाहिजे ते त्याच्या दारी पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडून व्हावे ही अपेक्षा मात्र आपण कधी केलीच नाही, आणि त्यांनीही ते आपले मानले नाही.

हे काम अशक्य नाही, हे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने दाखवून दिले आहे. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावाने २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, काही महिन्यांनी त्यांची अदलाबदल होते, आणि नाशिकहून निघालेल्या या पेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या आहेत. बडोद्याच्या लाकडी पेटीचीच ही पणती. दुबईस जाणारी पेटी कल्याणहून एस. टी.च्या टपावर मुरबाडमार्गे म्हशास येण्यास भूगोलाची हरकत नाही. अडते ते वहीवर. पेटी कोणत्या संस्थेच्या दाखल नोंदवहीत चढवावयाची, म्हशात तिची पावती कोणी सही करून घ्यावयाची, आणि जूनमध्ये कौलातून पाणी गळून चार पुस्तके भिजली तर त्यांची किंमत कोणत्या खात्यावर टाकावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे अनुदानाच्या नियमांत एका परिच्छेदात लिहिता येतील.